पणच्या पुढे

नाना पेठेत, टायरवाल्यांच्या मागच्या बोळात,
पाटीवर ‘गुंदेचा आणि’ एवढंच.
पुढे पांढऱ्या ऑइलपेंटचा एक हात,
उन्हानं पिवळा पडलेला.

कॉम्प्युटर पोटमाळ्यावर. लोखंडी शिडी चढताना
ओढणीला ग्रीस लागतं, वास शुक्रवारपर्यंत जात नाही.
शांतिलालशेठ म्हणाले, मुलाणी मॅडम,
हा उघडतो, पत्रं मोजायला लागतो, आणि मान टाकतो.
कधी सातशेवर, कधी तीन हजारांवर.
एकाच आकड्यावर मेला असता
तर मीच बघितलं असतं की.

मी म्हटलं, आधी सगळ्याची कॉपी.
चाळीस मिनिटं निळी पट्टी सरकत राहिली.
चहा आला, त्यावर साय धरली,
खाली कुणीतरी बासष्ट-शून्य-पाच मागत होतं
आणि शेठ वरूनच,
तिसरा खण, डावा हात, अरे डावा!

मग नेहमीचं काम. अर्धी पत्रं बाहेर काढायची,
प्रोग्रॅम चालू करायचा.
चालला तर रोग बाहेरच्या अर्ध्यात,
पडला तर आतल्या.
पुन्हा अर्धी. पुन्हा.
मांडववाले गणपतीच्या माळेत
गेलेला बल्ब शोधतात, तसं.
घोडं पेंड खातंय ते एकाच जागी,
पण उभी सगळी वरात.

दोन हजार, हजार, पाचशे.
कोटेशनं, जीएसटीची स्मरणपत्रं,
दिवाळीच्या शुभेच्छा हलत्या पणत्यांसकट,
भोसरीच्या कुणा कारखान्याचं ‘पेमेंट सोमवारी नक्की’,
असे अकरा सोमवार.
सगळी धडधाकट. त्यांना काय धाड भरलीय.

बाराव्या खेपेला हातात एकच उरलं.
न पाठवलेलं.
तारीख बघितली, गुरुवार निघाला.
गुरुवारी लाइट जाते, पेपरात सांगून जाते,
तरी कुणी सेव्ह करत नाही.

प्रोग्रॅमला न विचारता
मी ती फाइल कच्चीच उघडली.

प्रति भोकरे. विषय रिकामा.
‘किसन, हिशेबाचं तुझं म्हणणं बरोबर होतं, पण’

आणि मग शून्यं.
ओळीच्या ओळी शून्यं,
बेरीज नाही, वजाबाकी नाही.
बिचारा प्रोग्रॅम रोज इथवर यायचा,
पणच्या पुढे पत्र असणार म्हणून
विश्वासानं पाय टाकायचा.

शेठनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून वाचलं.
‘ह्याच्या पुढचं येईल परत?’
नाही. पुढचं डिस्कवर उतरलंच नाही.
‘मी लिहिलं होतं. चांगलं पानभर लिहिलं होतं.’
ड्रॉवर उघडला, बंद केला.
‘काय लिहिलं होतं ते मात्र...’
आणि खाली वाकून कुणावर तरी खेकसले,
तीनशे सहा संपलेत, किती वेळा सांगायचं!

पुसून टाकू?
‘पुसू नका. ह्याला दिसणार नाही असं कुठेतरी ठेवा.
वाचायची जबरदस्ती नको. म्हातारं मशीन आहे.’

डेस्कटॉपच्या कोपऱ्यात फोल्डर केला, नाव विचारलं.
‘किरकोळ,’ म्हणाले.

प्रोग्रॅम उघडला. मोजत गेला, मोजत गेला,
पडला नाही.
तीनशे बारा नवी पत्रं
दारात ताटकळलेल्या गिऱ्हाइकांसारखी आत घुसली.
बिल सहाशे. हातात पाचशे पडले
आणि वर एक छोटं बेअरिंग,
‘जपानी आहे, फिरवून बघा.’

फिरवलं. आवाजच नाही.

शिडी अर्धी उतरले तेव्हा वरून टकटक ऐकू आली,
दोन बोटांची. थांबली.
परत सुरू झाली.
मी खालूनच ओरडले,
शेठ, उद्या गुरुवार.
सेव्ह करत जा.